वर दोन, मध्ये दोन, खाली दोन

आमच्या सोसायटीच्या कंपाउंडची भिंत बांधून झाली त्या दिवशी चेअरमनांनी पेढे वाटले होते. मी पेढा खात गेटपाशी उभी होते. तेवढ्यात शेजारच्या मळ्यातून एक नऊवारीतल्या बाई आल्या, भिंतीच्या टोकाला उभ्या राहिल्या आणि एक डोळा मिटून त्यांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग मला विचारलं, "कुणी बांधली?" मी ठेकेदाराचं नाव सांगितलं. "बरं," त्या म्हणाल्या, "गाड्या जरा लांब लावत जा." आणि पेढा न घेताच परत गेल्या.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी ती भिंत शांतपणे आडवी झाली. खाली फक्त चेअरमनांची स्कूटर होती. मी आपली लांब लावत होते.

मी मूळची यवतमाळची. नोकरीसाठी पुण्यात आले, शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि धायरीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. पुण्यात शेजाऱ्यांशी ओळख व्हायला साधारणपणे एखादं लग्न किंवा एखादी पाणीटंचाई लागते. मला एक पडलेली भिंत लागली. स्कूटर बाहेर काढून झाल्यावर मी मुद्दाम मळ्यात गेले आणि विचारलं, तुम्हाला कसं कळलं होतं? त्यांनी मला बसायला पाट दिला, चहा दिला आणि उत्तर मात्र दिलं नाही. आठवड्याने पुन्हा गेले तेव्हा म्हणाल्या, "बाई, तुम्ही पोराकडं बघून सांगता ना, ह्यानं अभ्यास केलाय का न्हाई? तसंच हाय ते."

त्या कौसाआत्या. त्या खऱ्या आत्या मळ्याचे मालक दत्ताभाऊ यांच्या, पण त्यांना सगळेच आत्या म्हणत. दत्ताभाऊंची मुलगी प्राजक्ता म्हणायची, दूधवाला म्हणायचा, पुढे मीही म्हणायला लागले. लग्न होऊन त्या कात्रजला गेलेल्या, तिथेच त्यांचे मुलगे, नातवंडं. पण अर्धा महिना मुक्काम धायरीत. पंच्याहत्तरी उलटलेली बाई दर पंधरा दिवसांनी पिशवी घेऊन माहेरी येते म्हटल्यावर सुनेशी पटत नसेल असा अंदाज मी केला होता. तो साफ चुकला. सुनेशी त्यांचं उत्तम होतं. त्या यायच्या ते घर बघायला.

घर माझ्या गॅलरीतून दिसायचं. चारही बाजूंना आठ-आठ मजल्यांच्या इमारती आणि मधोमध ते काळ्या दगडाचं बसकं, रुंद घर. चार खोल्या, पुढे लांब ओटा, वर कौलं, मागे विहीर. नक्षी नाही, कमान नाही, लाकडी खांबांवर पोपट-मोर नाहीत. कुणी त्याला वाडा म्हटलं तर आत्यांना खपायचं नाही. वाडा सावकाराचा असतो, हे घर आहे, असं त्या सांगायच्या.

त्या घराची हकिगत मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकली आहे की आता मलाच ती पाहिल्यासारखी वाटते. धायरी तेव्हा गाव होतं, आणि पुणं म्हणजे भाजी विकायला जायचं ठिकाण. आत्यांच्या वडिलांनी, अण्णांनी, विहीर खणायला घेतली. वीतभर मातीखाली काळा दगड लागला आणि तो काही संपेना. पाणी लागेपर्यंत विहिरीच्या काठावर दगडाचा डोंगर झाला. तो फेकायचा कुठे म्हणून अण्णांनी घर बांधायचं ठरवलं. पाण्याआधी आम्हाला घर लागलं, असं ते म्हणत. सासवडकडचा एक पाथरवट त्यांनी उन्हाळाभर ठेवून घेतला. त्याने हात धरून दगड घडवायला शिकवलं, पहिला कोपरा उभा करून दिला आणि तो गेला. पुढचे दोन उन्हाळे घरच्यांनीच बांधलं. अण्णा आणि दोघे मुलगे छिन्नी-हातोडा घेऊन दगडाला तोंड काढायचे, म्हणजे एक बाजू सपाट करायचे, आई चिखल तुडवायची आणि कौसाकडे काम होतं चिपांचं.

चीप म्हणजे काय हे मला त्यांनी एकदा ओट्यावर सुपारीच्या खांडांनी करून दाखवलं. दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात. एक बाहेरून दिसते, एक घरातून दिसते. मधल्या जागेत दगडाचे बारके तुकडे, म्हणजे चिपा, एकमेकांत अडकवून गच्च भरायच्या आणि त्यावर थोडा चिखल. दर दोन-तीन हातांवर एक लांब दगड दोन्ही भिंतींच्या आरपार टाकायचा, म्हणजे त्या एकमेकींना धरून राहतात. मोठे दगड पुरुषांचे, चिपा पोरीच्या. कारण पोरीचा हात आत जातो.

"दगड मिरवतो," त्या म्हणायच्या, "भिंत चीप धरती." हे वाक्य त्या माणसांबद्दलही वापरायच्या. लग्नात फेटा बांधून फिरणारा पाहुणा दिसला की हळूच म्हणायच्या, दगड आला. आणि मागच्या बाजूला पंक्तीची पानं मांडणाऱ्या मुलाकडे हनुवटीने दाखवायच्या, ती चीप. मी दगडात की चिपेत, असं एकदा विचारलं. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुम्ही बघे."

त्यांच्या बोलण्यात ही अशी धार असायची, पण ती धार लावायला त्यांना मेहनत पडत नसे. एका रविवारी जुनी घरं बघत फिरणारी वीसेक मंडळी कॅमेरे घेऊन मळ्यात आली. पुढारपण करणाऱ्या तरुणाने ओट्यावर उभं राहून विचारलं, आजी, हे कुठल्या सरदारांचं? आत्या शेंगा फोडत होत्या. सरदार नव्हते, त्या म्हणाल्या, आम्ही होतो. सकाळी शेतात काम, दुपारी भाकरी खाल्ली की भिंतीवर काम. त्या तरुणाचा चेहरा जरा पडला. मग आराखडा कुणी काढला होता, त्याने विचारलं. "बैलांनी," आत्या म्हणाल्या. लोक हसले, पण त्या विनोद करत नव्हत्या. अंगणात बैलगाडी वळायला जेवढी जागा लागायची तेवढी सोडून अण्णांनी खुंट्या ठोकल्या होत्या, उरलेल्यात घर बसवलं. त्यांनी त्या मंडळींना अंगणात नेऊन गाडीचा वळसा स्वतः चालून दाखवला. वीस माणसं त्यांच्यामागून त्या नसलेल्या गाडीचा वळसा चालली, हे मी गॅलरीतून पाहिलं आहे. जाताना त्यांनी प्रत्येकाच्या हातावर मूठभर शेंगा ठेवल्या.

या घरावर आत्यांचा कागदोपत्री काडीचाही हक्क नव्हता. अण्णा गेल्यावर रीतीप्रमाणे त्यांनी भावांच्या नावे हक्कसोड करून दिलं होतं. त्याबद्दल त्यांच्या बोलण्यात कधी कडवटपणा आला नाही. भावाने साडी घेतली, आपण सही केली, विषय संपला. धायरीतल्या जमिनीचे भाव पुढे काय झाले हे सगळ्यांना माहीत आहे, तरीही संपला तो संपला. मी एकदा नको तेवढं बोलून गेले, की आत्या, तुम्ही सही करायला नको होती. तर त्या म्हणाल्या, जागा दिली मी, घर कुठं दिलं? आणि खरंच, त्या घरात एक खिळा मारायचा तरी दत्ताभाऊ आधी कात्रजला फोन करत. चाळीस माणसं कामाला असलेला, ट्रकांचा धंदा करणारा हा दणदणीत गृहस्थ फोनवर "आत्या, तू म्हणशील तसं" म्हणताना मी कितीदा ऐकला आहे.

खंडेनवमीला लोक हत्यारांची पूजा करतात. आमच्या सोसायटीत त्या दिवशी स्कूटर-मोटारींना झेंडूच्या माळा पडतात, एक जण तर लॅपटॉपला हळद-कुंकू वाहतो. मळ्यात पूजा असायची ओळंब्याची. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं पितळी वजन. भिंत सरळ उभी आहे की नाही हे गवंडी त्याने पाहतो. अण्णांचा ओळंबा वर्षभर देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी असायचा, आणि त्या दिवशी पूजा झाली की लगेच त्याला कामाला लावत. दत्ताभाऊ शिडीवरून भिंतीच्या माथ्यावरच्या खुंटीला दोरी अडकवायचे. दोरी आणि भिंत यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते तीन ठिकाणी मोजायचं आणि मोठ्याने सांगायचं. वर दत्ताभाऊ, खाली घरातलं सगळ्यात लहान माणूस, म्हणजे प्राजक्ता, आणि मध्ये, छातीच्या उंचीवर, कायम आत्या. भिंत सरळ असेल तर तिन्हीकडे दोन बोटं.

"वर दोन."

"मध्ये दोन."

"खाली दोन."

असं चारही भिंतींना. तिसऱ्या मजल्यावर माझ्या चहाच्या वेळेला हे ऐकू यायचं आणि का कोण जाणे, आपलंही वर्ष बरं जाईल असं वाटायचं.

एका वर्षी मी हा सोहळा बघायला खाली गेले आणि माझ्यातली विज्ञानाची बाई जागी झाली. प्रत्येकाची बोटं वेगळी, मग मोजमाप बरोबर कसं येणार? मी पर्समधून स्टीलची पट्टी काढून आत्यांपुढे धरली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, पर्समध्ये परत घातली आणि पर्सची चेनही लावून टाकली. "पट्टी शाळेत," म्हणाल्या. सगळे हसले. मला थोडा राग आला होता. उत्तरेच्या भिंतीपाशी त्या जरा जास्त वेळ थांबल्या हे मी पाहिलं होतं. पण म्हातारं माणूस, श्वास घेत असेल, म्हणून सोडून दिलं.

प्राजक्ताचं लग्न ठरलं. मुलगी खराडीला सॉफ्टवेअरमध्ये, मुलगाही त्यातलाच, आणि दोघांनी सांगितलं की हॉल नको, लग्न आमच्या अंगणात. दत्ताभाऊंना आभाळ ठेंगणं झालं. साखरपुड्याआधी आत्या महिनाभर नातवाच्या आजारपणात कात्रजला अडकल्या होत्या. तेवढ्यात या माणसाने, आयुष्यात पहिल्यांदाच फोन न करता, घराला नवीन रूप दिलं. दगडांच्या सांध्यांमधला जुना चुना खरवडून काढला, जागोजागी सिमेंट भरलं आणि वरून चकाकीचं पॉलिश मारलं. दगड नुकतेच अंघोळ करून आल्यासारखे दिसायला लागले. त्यांना आत्यांना चकित करायचं होतं. तसं झालंही. आत्या अंगणात आल्या, पिशवी खाली न ठेवता उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दत्ता, भिंतीचं तोंड शिवलंस की रं."

त्यांचं म्हणणं सरळ होतं. मातीत बांधलेली भिंत पावसात पाणी पिते आणि चुन्यातून ते उन्हात टाकून देते. सिमेंटमधून ते बाहेर पडत नाही. दत्ताभाऊ हिरमुसले, पण आता उकरायचं तर साखरपुडा तोंडावर आलेला. पावसाळा तसाच गेला. खंडेनवमीला उत्तरेच्या भिंतीवर ओळंबा सोडला आणि दत्ताभाऊ शिडीवरून म्हणाले, वर दोन. मध्ये कुणी काही बोलेना. मी या वेळी अंगणातच होते. दोरी छातीच्या उंचीवर दगडाला चक्क टेकली होती. भिंतीला पोट आलं होतं.

आत्यांनी बोट लावून बघितलं नाही. तुझं सिमेंट, एवढंच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. दत्ताभाऊ शिडीवरून उतरले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. बापजाद्यांनी हाताने बांधलेलं घर आपण हौसेपायी घालवलं, हे त्यांच्या मनाने घेतलं. दिवाळीत त्या घरी आकाशकंदील लागला, पण दत्ताभाऊ कुणाकडे फराळाला गेले नाहीत.

प्राजक्ताने एक स्ट्रक्चरल इंजिनियर आणले. माणूस सभ्य होता. त्यांनी भिंतीवर ठिकठिकाणी हातोडी वाजवून पाहिली आणि सांगितलं की अशा घरगुती बांधकामाचा भरवसा धरता येत नाही. एका भिंतीला पोट आलं म्हणजे बाकीच्याही तशाच असणार. चारही भिंती उतरवा, काँक्रीटचा सांगाडा उभा करा, हेच दगड पातळ कापून वरून चिकटवू. दिसायला अगदी सेम दिसेल. आत्या म्हणाल्या, दिसायला सेम तर फोटोपण असतो. पण या वेळी दत्ताभाऊंनी "तू म्हणशील तसं" म्हटलं नाही. अंगणात पाचशे माणसं जेवायची होती आणि वरून दगड सुटला तर? शेवटी त्यांनी एक तोड काढली. सासवडकडून दोन जुने गवंडी आणू, पोट आलेल्या जागी फक्त बाहेरची बाजू उतरवू. आतली भरणी चांगली निघाली तर आत्याचं ऐकू. पोकळ निघाली तर साहेबांचं. आत्यांनी मान हलवली. मला ती मान जरा उशिरा हललेली वाटली.

आतून तुळयांना टेकू दिले, वरच्या थरांना आधार लावला आणि गवंड्यांनी दगड काढायला सुरुवात केली. काढलेला प्रत्येक दगड अंगणात त्याच क्रमाने मांडत होते, म्हणजे भिंत जशी उभी होती तशीच आडवी तयार होत होती. इंजिनियर आले होते, दत्ताभाऊ हाताची घडी घालून उभे होते. प्राजक्ता कानात इअरफोन घालून ऑफिसची मीटिंग ऐकत अंगणातच फिरत होती. मी शाळेला अर्धी रजा टाकली होती. आत्या ओट्याच्या कडेला बसल्या होत्या.

छातीच्या उंचीवरचा तिसरा दगड निघाला आणि आतून माती सांडली. भसाभस. थोरला गवंडी आत हात घालून चाचपत राहिला. हात खांद्यापर्यंत आत गेला. "चिपाच न्हाईत," तो म्हणाला. "नुसती माती वतलीय. पाणी पिऊन फुगली आन् भिंत भायेर ढकलली."

इंजिनियर सभ्य माणूस. त्यांनी फक्त दत्ताभाऊंकडे पाहिलं. दत्ताभाऊ म्हणाले, जाऊ द्या, अण्णांच्या काळात जसं जमलं तसं केलं त्यांनी; शिकलेले थोडेच होते. ते चांगल्या मनानेच म्हणाले. अण्णा जाऊन चाळीस वर्षं झाली होती. त्यांच्यावर ढकललं तर कुणाला काही लागणार नव्हतं, आणि आत्यांनाही फक्त गप्प बसायचं होतं.

आत्या उठल्या. अंगणात मांडलेल्या दगडांमधून वाट काढत भिंतीपाशी आल्या आणि आमच्याकडे पाठ न करता, सगळ्यांकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"अण्णांना नाव ठेवू नका," त्या म्हणाल्या. "ही जागा माझी हाय. जत्रंचा दिवस व्हता. एवढी भरणी पुरी केलीस तर जत्रंला सोडतो, म्हणून सांगून अण्णा बाजाराला गेलेले. मी अकरा वर्सांची. चिपा येचायला येळ लागतो. मी पाट्यांनी माती वतली आन् वर एक थर चिपांचा दिला. अण्णा आले, वरून बघितलं, शाबास म्हणले. मी जत्रंला गेले."

प्राजक्ताने इअरफोन काढले होते.

"आन् दत्ता, सिमेंट तुझं खरं. पर चार वर्सं झाली, हितं माझी दोन बोटं जात नव्हती. दीड जायचं. मी दोन म्हणायची."

मला माझी पट्टी आठवली. पर्सची लावलेली चेनही आठवली. एवढ्या ताठ बाईने दरवर्षी तिथे उभं राहून काय गिळलं असेल! आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची लाज वाटली नाही, अभिमान वाटला. आपली चूक पासष्ट वर्षांनी, मालक, गवंडी, इंजिनियर आणि शेजारची बाई यांच्यासमोर, कुणी न विचारता सांगणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

दत्ताभाऊ त्या भोकापाशी वाकले. मग त्यांनी विचारलं, कुठपर्यंत? आत्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. खिडकीच्या कडेपासून हाताने जागा मोजत त्या चालत गेल्या आणि एका लांबट दगडावर तळवा ठेवला. हा आरपार दगड, त्या म्हणाल्या. ह्याच्या अलीकडे मी. ह्याच्या पलीकडे रोज अण्णा स्वतः हात घालून बघायचे.

इंजिनियर म्हणाले, पलीकडचा एक दगड काढून बघू. रास्त होतं. चार वर्षं खोटं मोजलेल्या माणसाच्या शब्दावर कोण लग्नाचा मांडव घालणार? थोरल्या गवंड्याने त्या आरपार दगडाच्या पलीकडचा एक दगड हलवायला घेतला. अर्धा तास गेला. दगड निघाला तेव्हा आत माती दिसेचना. चीप, चिपेत चीप, त्यात आणखी बारकी चीप. गवंड्याने एक ओढून बघितली, निघेना. पहारीच्या टोकाने बघितली, तरी निघेना. त्याने पहार खाली ठेवली आणि डोक्याचं मुंडासं सोडून तोंड पुसलं. "ह्याला हात लावू नये," तो म्हणाला. मग आणखी दोन भिंतींमधला एकेक दगड काढून पाहिला. तिथेही तेच. इंजिनियरांनी स्वतः वाकून, मोबाइलची बॅटरी लावून आत बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि आपल्या वहीत लिहिलेलं पान फाडून खिशात घातलं.

"म्हणजे मी सुटलो ना आत्या?" दत्ताभाऊंनी विचारलं.

"सुटतोस कशाचा. अर्धा तू, अर्धी मी."

दत्ताभाऊ हसले. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच.

पुढचे दहा दिवस मी शाळेतून आले की थेट मळ्यात जायची. दगड गवंडी बसवत होते, पण ती सहा हातांची भरणी आत्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिली नाही. पालथ्या क्रेटवर बसून, पुढ्यात चिपांची पाटी घेऊन, एकेक चीप उलटसुलट फिरवून त्या जागा शोधायच्या. ठोकायच्या नाहीत. ठोकून बसलेली चीप एक दिवस निघते, त्या म्हणायच्या, जागेत बसलेली निघत नाही. दोन दिवसांनी त्यांचं मनगट सुजलं. तेव्हा प्राजक्ता कुणी न सांगता दुसरा क्रेट घेऊन शेजारी बसली. तिचा हात बारीक, आत छान जायचा. लॅपटॉप ओट्यावर उघडा, मीटिंग चालू, आणि ही म्यूटवर चिपा भरतेय. मध्येच तिला कुणीतरी प्रश्न विचारला. तिने धावत जाऊन उत्तर दिलं आणि परत येऊन बसली. लॅपटॉपवर चिखलाची बोटं उमटली होती. आत्यांनी तिने भरलेला प्रत्येक थर हात घालून तपासला. एक पूर्ण थर उपसायला लावला. "जत्रा हाय का कुठं आज?" असं स्वतःच विचारून स्वतःच हसल्या. तो विनोद फक्त त्यांनाच करता आला असता.

सगळ्या घराचं सिमेंट उकरून पुन्हा चुना भरला. माघात लग्न झालं. पाचशे माणसं त्या अंगणात जेवली, आणि वऱ्हाडातल्या एका फेटेवाल्या पाहुण्याने, काय सुंदर वाडा आहे हो, म्हटलं तेव्हा आत्यांनी त्याला दुरुस्त केलं नाही. लग्न होतं म्हणून सोडला असावा.

त्यानंतरची खंडेनवमी ही मी आत्यांना पाहिलं ती शेवटची. पुढे पौषात कात्रजला, झोपेतच त्या गेल्या.

त्या खंडेनवमीला त्यांच्या गुडघ्यांनी जवळपास दावा मांडला होता. प्राजक्ताने हाताला धरून त्यांना रिक्षातून उतरवलं. ओळंब्याची पूजा झाली, आणि उत्तरेच्या भिंतीशी आल्यावर आत्या म्हणाल्या, मध्ये आता दुसरं कुणीतरी लावा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, बाई, तुमची ती पट्टी आणलीय का? मी आणली होती. गेल्या वर्षापासून ती पर्समध्येच होती. मी पर्स उघडायला लागले, तेवढ्यात शिडीवरून दत्ताभाऊ म्हणाले, मॅडम, राहू द्या. मध्ये आत्याच.

आत्या खुर्चीचे हात धरून उठल्या, भिंतीशी गेल्या.

"वर दोन," दत्ताभाऊ.

आत्यांनी दोरीमागे बोटं घातली. सुजलेली, वाकडी झालेली दोन बोटं. डोळे मिटले, उघडले. "मध्ये दोन," त्या म्हणाल्या. आणि मग वर बघून, जरा दरडावूनच, "उतर खाली. ये आन् बघ."

दत्ताभाऊ शिडीवरून हलले नाहीत. दोरी धरून तिथूनच म्हणाले, "तू म्हणालीस ना दोन? मग दोन."

आत्या तशाच उभ्या राहिल्या, बोटं दोरीमागे, पदर वाऱ्यावर. खाली उकिडवी बसलेली प्राजक्ता वाट बघत होती. आत्यांनी भिंतीवर तळवा टेकवला, नाक ओढलं आणि तिला म्हणाल्या, "बसलीस काय? सांग की खाली किती."